कोळंबीची ॲलर्जी असल्यास बांगडाही बंद करावा का?

रत्नागिरीकर (प्रश्न):
माझ्या सोळा वर्षांच्या मुलाला गेल्या महिन्यात कोळंबीचे कालवण जेवल्यावर अर्ध्या तासात अंगभर पित्त उठले आणि वरचा ओठ सुजला. आजीने आमसुलाचे पाणी लावले, डॉक्टरांनी गोळी दिली आणि संध्याकाळपर्यंत सूज उतरली. पूर्वी एकदा खेकडे खाल्ल्यावरही त्याचा घसा खाजला होता, पण तेव्हा आम्ही तिखटावर खापर फोडले. धुळीची ॲलर्जी त्याला लहानपणापासून आहे. आता घरात दोन तट पडले आहेत. मासळी उष्ण, म्हणून सगळीच बंद करावी असे सासूबाई म्हणतात. कोळंबी कच्ची राहिली असावी असे यजमानांचे मत आहे. बांगडा आणि सुरमई तो आजवर बिनतक्रार खात आला आहे. यात खरे काय मानावे?

सूक्ष्मदर्शक:
कालवण करणाऱ्या व्यक्तीला दोष देऊ नये, कारण हा प्रश्न शिजण्याचा नाही. कोळंबी, खेकडे आणि शेवंड यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन असते. त्याच्या दोन साखळ्या सुतळीसारख्या एकमेकींना पीळ घालून असतात आणि स्नायूचे आकुंचन नियंत्रित करणे हे त्याचे काम. ते उष्णतेला दाद देत नाही. शिवाय शिजताना ते पाण्यात उतरते, त्यामुळे कोळंबी बाजूला काढून नुसता रस्सा वाढण्याची पळवाट मुळीच काढू नका. कोळंबीतील मुख्य ॲलर्जीकारक हेच प्रथिन असल्याचे १९९३ साली दाखवले गेले आणि त्या कामात आपल्याकडच्या पांढऱ्या कोळंबीचाच अभ्यास झाला होता.

धुळीचा उल्लेख तुम्ही सहज केला असेल, पण तो महत्त्वाचा आहे. गादीतील धुळीत राहणारे सूक्ष्म माइट आणि घरातली झुरळे हीसुद्धा कोळंबीसारखीच संधिपाद प्राण्यांत मोडतात. त्यांचे ट्रोपोमायोसिन कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनशी इतके मिळतेजुळते असते की एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्यालाही ओळखू शकतात. याउलट कोंबडी, बकरी आणि मासे यांचे ट्रोपोमायोसिन आपल्या स्वतःच्या प्रथिनाच्या जवळचे असल्याने शरीर सहसा त्याच्या वाटेला जात नाही.

बंदरावरचा:
बांगड्याचे कोडे यातच सुटते. माशांच्या ॲलर्जीमागे बहुतेक वेळा पार्वाल्ब्युमिन हे अगदी वेगळे प्रथिन असते, म्हणून कोळंबी न चालणाऱ्या अनेकांना मासे चालतात. तिसऱ्या, कालवे आणि माकूल यांच्यातही ट्रोपोमायोसिन असते, मात्र ते कोळंबीपेक्षा बरेच वेगळे असल्याने काहींना बाधते, काहींना नाही. घरी चव घेऊन पाहण्याचा हा विषय नव्हे. एक गैरसमज मात्र जाता जाता खोडतो: या ॲलर्जीचा आयोडीनशी संबंध नाही.

सोडेवाली:
मला हीच ॲलर्जी आहे आणि ताटातल्या कोळंबीपेक्षा लपलेल्या कोळंबीने मला अधिक छळले आहे. एका लग्नघरी वांग्याच्या भाजीत सोडे होते, ते पहिल्या घासानंतर कळले. जवळ्याची चटणी, कोळंबी तळलेल्या तेलातच तळलेले पापलेट आणि उकळत्या कालवणाची वाफ, या तिन्हींपासून सांभाळावे लागते. आमसुलाने खाज शमल्यासारखी वाटेल, परंतु आवाज बसला, श्वास लागला किंवा चक्कर आली तर घरगुती उपायांत एक मिनिटही न घालवता थेट रुग्णालय गाठा. तिथे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन लागते. ते जवळ बाळगण्याविषयीही ॲलर्जीतज्ज्ञांना विचारा.

रत्नागिरीकर:
सर्वांचे मनापासून आभार. त्वचेवरील चाचणीसाठी पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे आणि तोवर कोळंबी, खेकडे, तिसऱ्या घरात येणार नाहीत. जवळ्याची बरणी सासूबाईंनी आजच शेजारी दिली. बांगड्याचा तवाही घासून वेगळा ठेवला आहे.