जेडच्या बांगडीला बारीक रेघ दिसतेय, तडा असेल का?

जुनी, वापरलेली जेडची बांगडी घेतलीये, आतल्या बाजूला केसाएवढी रेघ आहे आणि नख फिरवलं की किंचित अडकतं. रोज घातली तर चालेल का? आणि रंगवलेली आहे का हे घरी कसं ओळखायचं?

उत्तर १: नख अडकतंय म्हणजे बहुतेक तडाच, दगडातली नैसर्गिक रेघ सहसा हाताला लागत नाही. मागून मोबाइलचा टॉर्च धरा, रेघेपाशी उजेड तुटल्यासारखा दिसला तर रोज घालू नकाच. आणि ते सुईने ओरखडून बघायचे सल्ले ऐकू नका हो, उगाच पॉलिशची वाट लागते.

उत्तर २: १० पटीचं भिंग घ्या, रंग बारीक भेगांमध्ये जाळीसारखा साचलेला दिसला की शंका घ्यायची. ॲसिडने धुऊन आत पॉलिमर भरलेला माल, ज्याला टाइप बी म्हणतात, तो मात्र भिंगाने खात्रीने कळत नाही, त्याला लॅबमधली इन्फ्रारेड टेस्टच लागते.

उत्तर ३: धुवायला कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, बस. अल्ट्रासोनिक मशीनमध्ये टाकू देऊ नका, तडा वाढू शकतो. तुटलीच तर टोकांवर सोन्या-चांदीची टोपणं चढवून बिजागरीने जोडतात, छान दिसतं ते. सुपरग्लू लावू नका, नाहीतर कारागीर आधी तेच खरवडत बसेल.