शब्दचर्चा : पुनर्भरती, मुदतवाढ आणि नेमणुकीचे ठिकाण

प्रश्न (परभणी) : अमेरिकी सैनिकांच्या सेवेविषयी मराठीत एक लेख लिहीत आहे. तिथला सैनिक ठरावीक वर्षांच्या करारावर भरती होतो. मुदत संपत आली की घरी परतायचे की पुन्हा सही करायची, हे त्याला ठरवावे लागते, आणि सही करताना काही वेळा आवडीचे ठिकाणही मागता येते. या दुसऱ्या सहीला ‘पुनर्भरती’ म्हणावे का? आणि त्या ठिकाणाला ‘पदस्थापना’ म्हटले तर चालेल का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर) : ‘पुनर्भरती’ टाळावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. आपल्या भागात ‘परत भरती झाला’ म्हटले की पेन्शन घेऊन गावी आलेला आणि पुढे डीएससीत लागलेला माजी सैनिकच डोळ्यांपुढे येतो. डीएससी म्हणजे १९४७ साली उभे राहिलेले, संरक्षण खात्याच्या आस्थापनांची राखण करणारे दल. आपल्या शहरातल्या प्रादेशिक सेनेच्या १३६ क्रमांकाच्या पर्यावरण बटालियनमध्ये झाडे लावणारे जवानही असेच माजी सैनिक आहेत. या सर्वांची पहिली सेवा रीतसर संपलेली असते आणि मग दुसरी सुरू होते. अमेरिकी सैनिकाची सेवा मात्र खंडित होत नाही, म्हणून तिथे ‘पुनर्भरती’ वाचून आपला वाचक चुकीचा अर्थ घेईल.

‘मुदतवाढ’ही नेमकी बसत नाही. आपल्याकडे जवानाचा सेवाकाळ संपत आला की वैद्यकीय श्रेणी, शिस्त आणि कामगिरी यांची छाननी होऊन दोन वर्षांची वाढ मिळते. जवान त्याआधी ‘विलिंग’ (राहायला तयार) किंवा ‘अनविलिंग’ (तयार नाही) लिहून देतो. चालू सेवेलाच जोडलेला हा तुकडा आहे, आणि अमेरिकेतही चालू करार काही महिन्यांनी लांबवण्याची सोय निराळीच असते. म्हणून ‘करार नव्याने करणे’ असे साधे क्रियापदच वापरावे.

पुढचा प्रश्न (लातूर) : मग चार वर्षांनी सैन्यात राहणाऱ्या अग्निवीराला काय म्हणायचे?

उत्तर : त्याच्या बाबतीत निर्णय कोण घेतो, हे शब्दातून दिसले पाहिजे. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. तीनुसार चार वर्षांनंतर अग्निवीर अर्ज करतो, एका तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना सैन्य ठेवून घेते आणि ते पुढे किमान १५ वर्षे सेवा करतात. अमेरिकी सैनिक करार करतो, आपल्या जवानाला मुदतवाढ मिळते, अग्निवीर मात्र निवडला जातो. त्याच्यासाठी ‘नियमित सेवेत निवड’ लिहावे. ‘कायम झाला’ हा शब्दही लोकांना लगेच कळतो आणि मला तो वावगा वाटत नाही. ज्या घरातला मुलगा या चार वर्षांच्या शेवटाकडे येत आहे, त्या घराला यातला फरक अचूक सांगितला गेलाच पाहिजे.

आता ठिकाणाविषयी. ‘पदस्थापना’ हा सरकारी खात्यांच्या आदेशांतला शब्द आहे आणि तो अधिकाऱ्याच्या पदाशी बांधलेला आहे. ‘तैनाती’ म्हणजे विशिष्ट कामगिरीसाठी पाठवणे, तेव्हा कुटुंबासह राहण्याच्या जागेला तो शब्द लावू नये. ‘बदली’ ही एकट्या माणसाची होते. पायदळात मात्र अख्खी पलटणच काही वर्षांनी फील्डमधून (सीमेवरच्या किंवा मोहिमेच्या भागातून) पीसमध्ये (शांत भागातल्या छावणीत), पीसमधून फील्डमध्ये हलते, आणि म्हणूनच सुट्टीवर आलेल्या जवानाला गावात ‘तुमची पलटण सध्या कुठं आहे?’ असे विचारतात. आपल्या लेखात ‘नेमणुकीचा तळ’ लिहावे. ‘ठाणे’ नको, कारण आपल्याकडे ते पोलिसांचे झाले आहे.

प्रश्नकर्ता : मग ‘करार नव्याने करताना त्याने नेमणुकीचा तळ स्वतः मागून घेतला’ हे वाक्य बरोबर होईल का?

उत्तर : होय, फक्त ‘मागून घेतला’ऐवजी ‘मागितला’ लिहावे, कारण मागणी मान्य होणे हे तिथल्या सैन्याच्या गरजेवर आणि रिकाम्या जागांवर अवलंबून असते.