मदत हवी आहे: २०१९ चं नो-पार्किंगचं ई-चलान, आता लोकअदालतीची नोटीस

दुचाकीवर २०१९ चं २०० रुपयांचं चलान थकीत दिसतंय, मोटार वाहन कायद्याचं कलम १२२/१७७. नोटीस एसएमएसने आली. त्यातल्या लिंकला हात लावला नाही (चलानच्या नावाने एपीके, म्हणजे फोनमध्ये थेट अॅप बसवणाऱ्या फाइली फिरतात, त्या उघडूच नका). राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ई-चलान साइटवर गाडी नंबर आणि चॅसिसचे शेवटचे चार आकडे टाकून पाहिलं, तर चलान खरंच आहे.

घोळ फोटोत आहे. आरसीवर गाडी पांढरी, फोटोतली काळी. नंबरप्लेटचा शेवटचा आकडा झूम केल्यावर ३ की ८, कळत नाही. बहुतेक वाचण्यातलीच चूक.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. महाट्रॅफिकच्याच अ‍ॅपमधून तक्रार करताना आरसी आणि गाडीचा फोटो पुरतो का, की वाहतूक शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी? आणि फक्त दंडाच्या गुन्ह्याला जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम ४६८ ची खटला दाखल करायला सहा महिन्यांची मुदत असते, हा मुद्दा लोकअदालतीत कुणी मांडलाय का? तिथे तडजोडच होते, त्यामुळे शंका वाटते.

'२०० रुपये भरून मोकळे व्हा' हा सल्ला नको. भरलं की चूक मान्य केल्यासारखं होतं, आणि त्या काळ्या गाडीची पुढची चलानंही इथेच येतील.