पंपहाऊसमागचा अडुळसा

बी-१०४: गुड मॉर्निंग. मागच्या भिंतीलगतच्या अडुळशाची पानं घेतली तर चालतील ना? आठवडाभर आम्ही दोघंही खोकतोय. पाच-सहा पानं तोडून आणलीत, फोटो टाकतोय. किती पाण्यात उकळू?

सी-२०१: अरे उकळू नकोस. आधी तव्यावर कोमेजू दे, हातात पान मऊ लागलं पाहिजे. मग वाटून फडक्यातून पिळ. कच्ची पानं वाटलीस तर नुसता चोथा, रसाचा थेंब निघत नाही. दोन चमचे रस, एक चमचा मध. तोंड कडू होईल, नाक दाबून घे 😄

बी-४०२: काकूंची कृती बरोबर आहे. ग्रंथांतही अडुळशाचा रस पुटपाकाने काढायला सांगितलाय, म्हणजे पानांचा गोळा गुंडाळून, वरून माती लिंपून, भाजून मग पिळायचा.
पण दादा, वहिनींना पाचवा महिना आहे ना? त्यांना अजिबात देऊ नका.

सी-२०१: अगं, झाडपाला आहे तो. आमच्या घरी सगळ्यांनीच प्यायलाय.

बी-४०२: काकू, बाळंतपणात कळा वाढाव्यात म्हणून सुइणी हाच अडुळसा द्यायच्या. त्यातल्या वासिसीन या घटकाने गर्भाशय आकुंचन पावतं. कळा येण्यासाठी जे द्यायचे, ते पाचव्या महिन्यात कशाला? वहिनींच्या खोकल्याचं त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

ए-३०३: म्हणजे खोकल्यावरही खरंच काम करतो? मला वाटायचं सगळा मधाचा गुण.

बी-४०२: मधाचाही आहेच. पण कफ पातळ करायला डॉक्टर ब्रोमहेक्झिन लिहून देतात ना, ते या वासिसीनच्याच रचनेवरून बनवलेलं औषध. ब्रोमहेक्झिनचं शरीरात जे होतं त्यातलं एक अँब्रोक्सॉल, आणि तेही औषध म्हणून वेगळं मिळतं. तीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी होते, ‘सायरप नको, काहीतरी नॅचरल द्या’ म्हणणारे रोज यायचे. काय सांगणार त्यांना!

सी-३०४: ताई, आमच्या सात महिन्यांच्या बाळाला मधातून थेंबभर चाटवू?

बी-४०२: नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधच द्यायचा नाही, बोटाला लावूनही नाही. मधात बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, आपल्या आतड्यात ते वाढत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढतात. बाळाचा खोकला आधी डॉक्टरांना दाखवा.

बी-४०२: आणि @बी-१०४, फोटोतली पानं जरा जास्तच तुकतुकीत दिसतायत. एक पान देठाशी मोडून बघा, काय निघतं?

ए-३०३: अडुळशाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही म्हणतात. कुंपणाला म्हणूनच लावायचे.

सी-२०१: शास्त्रीय नावात ‘अधतोडा’ आहे ते त्याच अर्थाच्या तमिळ शब्दावरून. आमचे हे सांगायचे. शेळीला कळतं, आम्ही मात्र पीत बसलो 😂

बी-१०४: मोडलं. पांढरा चीक निघाला, बोट चिकट झालंय.

बी-४०२: मग तो तगर. टाकून द्या, हात साबणाने धुवा. अडुळशाला चीक नसतो. पान चुरडलं की उग्र वास येतो, आणि फुलाला दोन ओठ असतात, पांढऱ्यावर जांभळट रेघा. तगराचं फूल भिरभिऱ्यासारखं. तगरातही अल्कलॉइड्स, म्हणजे शरीरावर तीव्र परिणाम करणारी द्रव्यं आहेत, ती पोटात घ्यायची नाहीत.

बी-१०४: 🙏🙏 मी आत्ता तवा तापवत होतो.

सी-२०१: बाई गं. फोटो मीही पाहिला होता, चष्मा नव्हता.

सेक्रेटरी: भिंतीलगतचा तगरच आहे. अडुळसा पंपहाऊसमागे. पण तिकडचीही पानं सध्या कुणी तोडू नका, माळ्याने मंगळवारी दोन्हीकडे पिठ्या ढेकणासाठी औषध मारलंय. पाट्या लावून घेतो.

ए-३०३: फवारणीची नोटीस आधी टाकत जा ना साहेब.

सेक्रेटरी: टाकली होती. वरती बघा, वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या मध्ये कुठेतरी आहे.

बी-४०२: @बी-१०४ तुमचा खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, ताप आला किंवा थुंकीत रक्त दिसलं तर काढा-सायरप सगळं बाजूला ठेवून थुंकी तपासून घ्या. रक्त पडण्यावर पूर्वी अडुळसाच द्यायचे हे खरं, पण तेव्हा टीबीची तपासणी नव्हती.

बी-१०४: हो ताई. दोघंही संध्याकाळी जाऊन येतो.