मैदानावरच्या स्टॉलसाठी सल्ला हवा (खणाच्या पिशव्या आणि तोरणं)

खणवाली:
साताऱ्यात घरीच खणाच्या पिशव्या, पाऊच, तोरणं शिवते. आजवर प्रदर्शनं हॉलमध्ये केली, यंदा दिवाळीआधी पहिल्यांदा मैदानावर बसले आणि पार दमले. पहिल्याच दुपारी वावटळ आली आणि तोरणांचा स्टँड शेजारच्या लोणच्यांवर आडवा. तेल लागलेली नऊ तोरणं गेलीच. बाहेरच्या बाजूला टांगलेल्या राणी रंगाच्या पिशव्या तीन दिवसांत एका अंगाने विटल्या. त्यात ‘फक्त हातकाम’ सांगून भाडं घेतलं आणि दोन स्टॉल सोडून घाऊक बाजारातल्या पिशव्या दीडशेला! माझी साडेतीनशेची. डिसेंबरात पुण्यात पुन्हा बसायचंय. काय काय नेऊ? आणि भावाचं काय करू?

मातीकाम:
ताई, आधी वारा. विटा नकोत, गिऱ्हाईक ठेचकाळतं. दहा-दहा लिटरचे रिकामे कॅन न्या, तिथे भरा. एकाचे दहा किलो, चारही खांबांना एकेक. कॅन जमिनीला टेकलेला आणि दोरी ताठ हवी. लोंबता ठेवलात तर झोके खातो आणि खांबच हलवतो. मागचा पडदा खालपर्यंत बांधू नका, त्याचं शीड होतं. वीतभर फट सोडा. माझे अकरा कुल्हड गेले तेव्हा हे कळलं.

इरकलप्रेमी:
मी विकत नाही, घेते. मांडवाला वर लाल-पिवळं कापड असलं की खणाचा हिरवा मातकट दिसतो. ‘जरा उजेडात बघते’ म्हणून बाहेर गेलेलं गिऱ्हाईक पुष्कळदा परत येत नाही (मीही आले नाहीये, सॉरी). वरून आतल्या बाजूने पांढरी चादर ताणा.

दोरा_सुई:
जागा निवडता येत असेल तर उत्तरेला तोंड असलेली मागा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून जातो, मालावर थेट ऊन येत नाही. रात्री माल तिथेच ठेवणार असाल तर प्लॅस्टिकखाली झाका, दव पडतं. क्यूआर कोड चकचकीत लॅमिनेट करू नका, उन्हात फोनला वाचता येत नाही. आणि सुट्टे! सकाळी पहिलंच गिऱ्हाईक पाचशेची नोट काढतं.

भाव उतरवू नका. एक पिशवी उलटी करून टांगा, अस्तर आणि आतली शिवण दिसू दे. दीडशेवाली उलटी करून दाखवायची कुणाची हिंमत नाही. मात्र कातरणातून चाळीस-पन्नासचं काहीतरी हवंच. बुकमार्क, टिकल्यांची डबी. नुसतं बघायला थांबलेला माणूस ते घेतो, मग पिशवीकडे वळतो.

घाटावरचा:
माझं उलट मत. भाडं, टेम्पो, तीन दिवसांचं खाणं मांडून बघा, बऱ्याचदा हाती काही उरत नाही. बचत गटात असाल तर पंचायत समितीत उमेदच्या (बचत गटांसाठीचं सरकारी अभियान) लोकांना मुंबईच्या महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या प्रदर्शनाबद्दल विचारा. तिथे लोक खरेदीच्या तयारीनेच येतात.

खणवाली:
घाटावरचे दादा, गटात आहे, सोमवारी जाऊन विचारते. पुण्याचं भाडं मात्र भरून बसलेय. दोरा_सुई, उलटी पिशवी आजच टांगून बघितली. आतली एक शिवण तिरकी निघाली, उसवतेय आता. मातीकाम, कॅनला दोरी कुठली, सुतळी की नायलॉन?

मातीकाम:
नायलॉन. सुतळी दवाने भिजली की गाठ सुटता सुटत नाही.