अवघडपणा आणि अडवणूक: गेम खेळतानाचे तुमचे अनुभव

गेली वीसहून अधिक वर्षे व्हिडिओ गेम खेळताना एक गोष्ट मला सतत जाणवत आली आहे. ज्या कारणासाठी मी एखादा गेम वैतागून अर्ध्यावर सोडला, नेमक्या त्याच कारणासाठी तो दुसऱ्या कुणाचा जीव की प्राण असतो. आवडीनिवडी वेगळ्या असतात एवढे म्हटल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण काही त्रास कुणालाच आवडत नाहीत आणि तरीही वर्षानुवर्षे टिकून राहतात. मी माझ्यापुरता अवघडपणा आणि अडवणूक असा भेद करतो. १९९८ च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’मधले पाण्याचे मंदिर मला यासाठी नेहमी आठवते. तिथे पाण्याची पातळी तीन टप्प्यांत वरखाली करत वाट शोधायची असते. हे कोडे डोके शिणवते आणि मला ते तसेच आवडते. पण तळाशी जायला लोखंडी बूट घालायचे, वर यायला काढायचे, आणि दर वेळी त्यासाठी खेळ थांबवून मेन्यू उघडायचा, यात डोक्याला काहीही काम नव्हते. २०११ मध्ये हा गेम निन्टेंडो थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावर नव्याने आला, तेव्हा मेन्यू न उघडता बूट घालता-काढता येऊ लागले आणि पातळी बदलण्याच्या जागांकडे नेणारे रंगीत पट्टेही आले. कोडे तेच राहिले, अडवणूक गेली.

हा भेद तुम्हाला पटतो का, हे जाणून घेण्यासाठी आपापले अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे. गेमचे नाव सांगितले नाही तरी चालेल. त्या क्षणी तुम्ही नेमके काय करत होता आणि गेम काय करत होता, हे मात्र जरूर सांगा.

⁂

माझी अडचण वेळेची आहे. मूल झाल्यापासून मला खेळायला रात्रीचा पाऊण तास मिळतो, तोही सलग मिळेलच असे नाही. मागच्या महिन्यात एका गेममध्ये एका बॉसपाशी, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूपाशी, अडकले. हरल्यावर ज्या चेकपॉइंटवर परत फेकले जात होते, तिथून त्या बॉसच्या दारापर्यंत पोहोचायला चार मिनिटे लागत. आधी एक लिफ्ट, मग तिरंदाजांनी भरलेला पूल, मग दुसरी लिफ्ट. लिफ्टमध्ये तर नुसते उभे राहायचे. बॉससमोर मी जेमतेम चाळीस सेकंद टिकत असे. अकरा वेळा हरले, म्हणजे पाऊण तासाची एक अख्खी रात्र मी तो पूल ओलांडण्यात घालवली आणि बॉसकडून शिकायला मला आठ मिनिटेसुद्धा मिळाली नाहीत. बाराव्या खेपेला त्याचा तलवारीचा दुहेरी वार मला पहिल्यांदा नीट ओळखता आला, मी बाजूला झाले, आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून बाळाचा आवाज आला. त्या गेममध्ये खेळ मध्येच थांबवण्याची सोय नाही. कंट्रोलर खाली ठेवून उठले, आणि परत आले तेव्हा पुन्हा पहिल्या लिफ्टपाशी होते. तो बॉस अवघड आहे याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. मला त्याच्याशी लढायचे होते, पुलाशी नाही.

⁂

वरच्या ताईंचा अनुभव वाचून वाईट वाटले, तरीही दुसरी बाजू मांडतो, कारण ती मी मनापासून अनुभवली आहे. १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये आपली प्रगती सेव्ह करायची तर टाइपरायटर शोधावा लागतो आणि जवळ शाईची रिबन असावी लागते. रिबनी मोजक्याच मिळतात. म्हणजे सेव्ह करणे हासुद्धा एक निर्णय होतो. आता वापरू की पुढच्या दालनासाठी राखून ठेवू? एकदा मी तासाभराची प्रगती सेव्ह न करता, दोनच गोळ्या शिल्लक असताना, एका बंद दारासमोर उभा होतो. दाराची मूठ फिरल्याचा आवाज झाला तेव्हा माझ्या तळहातांना घाम फुटला होता. पुढे त्याच धाटणीचे इतर गेम खेळलो, जिथे दर पावलाला सेव्ह करता येत होते. तिथे राक्षस अधिक भेसूर होते, अंधार अधिक गडद होता, पण भीती म्हणून वाटली नाही. गमावण्यासारखे काही जवळ नसेल तर भीती कशाची वाटणार?

मात्र उठून जाण्याची सोय आणि चूक पुसण्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवणे डिझाइन करणाऱ्याच्या हाती असते. काही गेम बाहेर पडताना आहे त्या क्षणाची नोंद ठेवतात आणि परत सुरू केल्याबरोबर ती पुसून टाकतात. खेळाडूला हवे तेव्हा उठता येते, पण हरलेला डाव मागे फिरवता येत नाही. भीती शाबूत राहते आणि बाळालाही घेता येते. ही सोय ज्या गेममध्ये नाही, तिथे मी ताईंच्याच बाजूने उभा राहीन.

⁂

मी स्वतः छोटे गेम तयार करतो, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो.

माझ्या पहिल्या गेममध्ये एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर उड्या मारत जायचे होते. तो चाचणीसाठी एका मैत्रिणीच्या हाती दिला आणि मी तिच्या मागे खुर्ची घेऊन काही न बोलता बसलो. ती पुन्हा पुन्हा दरीत पडत होती आणि पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होती, “मी बटण दाबलं होतं.” मला वाटले की ती उशिरा दाबते आहे. रात्री नोंदी तपासल्या तेव्हा ती खरोखरच उशिरा दाबत होती, पण किती? तीन फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी तीन चित्रे. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एका सेकंदाचा विसावा भाग. तिच्या डोळ्यांना पात्र कड्यावरच दिसत होते. माझ्या हिशेबात ते हवेत होते. यंत्राच्या दृष्टीने मी बरोबर होतो आणि खेळाडूच्या दृष्टीने सरळसरळ चूक होतो.

यावरचा उपाय या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे. कडा सुटल्यानंतरही काही फ्रेमपर्यंत उडी मान्य करायची, त्याला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. जमिनीला पाय लागण्याच्या किंचित आधी दाबलेले बटणही लक्षात ठेवून पाय टेकताच उडी द्यायची. २०१८ चा ‘सेलेस्ट’ हा अतिशय कठीण म्हणून ओळखला जाणारा गेम या दोन्ही सवलती देतो आणि खेळणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मी दोन्ही बदल केले. मैत्रिणीने पुढच्या खेपेला फक्त एवढेच विचारले, “बटण दुरुस्त केलंस का?”

दुसरी चूक मला अधिक उशिरा कळली. रोज तोच गेम खेळून माझा हात इतका बसला होता की सगळे सोपे वाटू लागले, म्हणून मी काटे वाढवत गेलो, शत्रूंचा वेग वाढवत गेलो. शेवटी जो गेम तयार झाला तो जगात एकाच माणसासाठी योग्य होता, आणि तो माणूस मी होतो. आपण एखाद्या गेमवर “हा मुद्दाम छळतो” म्हणून चिडतो, तेव्हा पुष्कळदा त्यामागे दुष्टपणा नसतो. करणाऱ्याला स्वतःच्या गेमकडे नवख्याच्या नजरेने पाहणे अशक्य झालेले असते, आणि त्याच्या मागे खुर्ची घेऊन बसणारे कुणी नसते.

⁂

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) मध्ये शस्त्रे वापरून वापरून मोडतात. मला त्यामुळे हातात येईल ते घेऊन लढायची सवय लागली आणि मजा आली. माझ्या भावाने मात्र सगळ्या चांगल्या तलवारी “पुढे लागतील” म्हणून जपून ठेवल्या आणि संपूर्ण गेम तो काठ्या आणि गंजक्या हत्यारांनी खेळला. तो आजही त्या गेमबद्दल कडवटपणे बोलतो, आणि त्याचे चुकते आहे असे मला वाटत नाही.

⁂

मला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. एका गेममध्ये बंद दार उघडण्यासाठी सहा स्फटिक विशिष्ट क्रमाने फिरवायचे होते आणि क्रम भिंतीवर रंगांनी दिलेला होता. मला भिंतीवर सहा सारखेच मातकट ठिपके दिसत होते. कोडे काय आहे हे मला पहिल्या मिनिटात समजले होते, उत्तर काढायची पद्धतही समजली होती. तरीही मला मोबाइलने पडद्याचा फोटो काढून बहिणीला पाठवावा लागला आणि तिने उलट लिहून पाठवले: लाल, हिरवा, हिरवा, लाल, तपकिरी, हिरवा. मी तो क्रम टिपून घेतला आणि दार उघडले. दार उघडल्याचा आनंद मात्र झाला नाही, कारण ते मी उघडलेच नव्हते.

या गेमच्या सेटिंगमध्ये रंगांधळेपणासाठी एक पर्याय होता. तो निवडल्यावर अख्ख्या पडद्यावर वेगळी छटा पसरली आणि ठिपके पुन्हा एकमेकांसारखेच दिसले. माझ्यासारख्यांना छटा नको असते, रंगाच्या जोडीला आकार हवा असतो. लाल स्फटिकावर त्रिकोण, हिरव्यावर वर्तुळ, एवढे पुरते. ज्यांना रंग दिसतात त्यांचे त्यात काहीही बिघडत नाही. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ (२०२०) मध्ये दृष्टी, श्रवण आणि हातांच्या हालचाली यांसाठी ६० हून अधिक पर्याय दिले गेले, तेव्हा सेटिंगची ती लांबलचक पाने मी खेळ सुरू करण्याआधी एकेक करून वाचली होती. कुणीतरी आपल्याला गृहीत धरून काम केले आहे, ही भावना मला गेममध्ये क्वचितच मिळाली आहे.

⁂

नकाशा चिन्हांनी भरून टाकणाऱ्या गेमवर सगळेच टीका करतात, त्यामुळे हे लिहायला थोडे धाडस करावे लागते आहे: मला ती चिन्हे आवडतात. दिवसभराच्या कामात माझी एकही गोष्ट पूर्ण होत नाही, सगळे दुसऱ्या दिवसावर ढकलले जाते. रात्री नकाशा उघडून एक बुरूज, दोन छावण्या आणि चार पेट्या निकालात काढल्या आणि त्यांच्यावर बरोबरची खूण आली की मला शांत झोप लागते. माझा एक मित्र याच नकाशाला हमालीची यादी म्हणतो. तो खेळायला बसला की सर्वांत आधी सेटिंगमध्ये जाऊन सगळी चिन्हे बंद करतो आणि दिसेल त्या डोंगराच्या दिशेने चालू लागतो.

रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये मजकुरावर चालणाऱ्या बहुखेळाडू गेममधील खेळाडूंची जी विभागणी केली, तिला त्यांनी पत्त्यांच्या रंगांची उपमा दिली होती. साध्य आणि संपत्ती गोळा करणारे चौकट, खणून शोध घेणारे इस्पिक, माणसांसाठी खेळणारे बदाम आणि दुसऱ्यावर वार करण्यात रमणारे किलवर. मी पक्की चौकट आहे आणि माझा मित्र पक्का इस्पिक. आम्ही दोघेही तोच गेम आनंदाने पूर्ण करू शकलो, कारण तिथे चिन्हे बंद करण्याची सोय होती. मात्र काही गेममध्ये ती बंद केली की पुढे जाण्याचा रस्ताच सापडत नाही, कारण संवादांत किंवा वाटेवरच्या पाट्यांत दिशा सांगितलेलीच नसते. तिथे पर्याय नुसता नावाला असतो.

⁂

डोळ्यांसमोरचे दृश्य चालताना वरखाली हलत असेल, तर मला वीस मिनिटांत मळमळायला लागते. हलणे बंद करणे, हालचालीतला धूसरपणा काढणे आणि दृश्याचा कोन रुंद करणे, या तीन पर्यायांनी मी कितीतरी गेम पूर्ण केले आहेत. जिथे हे पर्याय नाहीत तिथे कथा कितीही उत्तम असो, मला ती दुसऱ्याला खेळताना पाहूनसुद्धा अनुभवता येत नाही.

⁂

बाळ आणि पुलाबद्दल मी वर लिहिले होते. इथे सुचवल्याप्रमाणे बाहेर पडताना नोंद ठेवणारी सोय त्या गेममध्ये नाही, पण कन्सोल बंद न करता झोपेच्या स्थितीत टाकला, तर खेळ त्याच क्षणी गोठून राहतो, हे मला माहीत नव्हते. परवा रात्री लढाईच्या मधोमध उठावे लागले. वीस मिनिटांनी परत आले तेव्हा बॉसची तलवार हवेत तशीच उचललेली होती. कंट्रोलर हातात नीट बसायच्या आत ती खाली आली आणि मी हरले. काल मात्र तो दुहेरी वार दोन्ही वेळा चुकवला, आणि सोळाव्या खेपेला त्याला हरवले. पूल त्याआधी तीनदा ओलांडावा लागला होता.