वर्गणीवर नाही चालत हे, लेव्हीच (सक्तीची आकारणी) लागते

वर कोणीतरी म्हटलंय की दुकानदारांनी आपापसात वर्गणी काढली तरी पुरे, वेगळा बीआयडी (बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट, म्हणजे ठरलेल्या हद्दीतल्या सगळ्या दुकानांनी लेव्ही भरून त्या भागाची सुधारणा करायची योजना) कशाला. मला नाही पटत, कारण वर्गणी चार जण भरतात आणि दिवे, साफसफाई, सजावटीचा फायदा मात्र अख्ख्या रस्त्याला होतो, मग पुढच्या वर्षी ते चौघंही हात आखडतात. टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमधल्या दुकानदारांनी १९७० मध्ये सगळ्यांवर बंधनकारक लेव्ही आणली ती ह्यासाठीच, आणि तिथूनच ही कल्पना पसरली.

बीआयडी मंजूर करायचा इंग्लंडमधला नियम मला फार आवडतो, मतदान करणाऱ्यांमध्ये डोक्यांनीही बहुमत हवं आणि मालमत्तेच्या रेटेबल व्हॅल्यूनेही (कर आकारणीसाठी ठरवलेलं मूल्य), म्हणजे दोन बडी दुकानं मिळून छोट्यांवर काही लादू शकत नाहीत. मुदत जास्तीत जास्त ५ वर्षं, पुढे परत मतदान.

पण मतदानाची घाई करू नका प्लीज! आधी हद्द ठरवा, दारोदार जाऊन लोकांना नक्की काय हवंय ते विचारा, मग कोणाला किती लेव्ही आणि ती कशावर खर्च होणार ते आराखड्यात स्पष्ट लिहा. आणि नगरपालिका आत्ता ज्या सेवा देतेय त्या चालूच राहतील हे लेखी घ्या, नाहीतर तुमचे पैसे तिचंच काम करण्यात जातील.